स्पॅनिश घोडीला गोग्रास

कार्डिफला जाऊन काय काय पाहिलंस, असं सांगलीत कुणी विचारलं की मी किल्ला सांगते, खाडी सांगते, आणि अंगात स्वेटर घालून आइस्क्रीम खाणारी माणसं सांगते. विचारणाऱ्याचं तेवढ्यावर समाधान होतं. पालोमा नावाच्या घोडीचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा अर्धंच सांगितलं, आणि तेवढं ऐकूनच ते म्हणाले, तरी मला वाटतच होतं तू तिकडे काहीतरी करून येणार. उरलेलं अर्धं आता लिहून काढते, म्हणजे एकदाचं सगळ्यांना कळेल.

मी घाबरट आहे, हे आधी सांगून टाकते. सगळी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात गेली. फोन वाजला की पलीकडे काहीतरी बिघडलेलंच असायचं. त्यामुळे काहीतरी बिघडणं हा जगाचा नेहमीचा कारभार आहे, अशी माझी समजूत झाली ती कायमची. विमानात वैमानिकाचा आवाज मला फारच कोवळा वाटला, म्हणून मी झोपले नाही. हीथ्रोवरच्या अधिकाऱ्याने कशासाठी आलात विचारल्यावर मी भाचीचं नाव, तिचा पत्ता आणि माझं रक्तदाबाचं औषध, सगळं एका दमात सांगितलं. तो बिचारा हसून जा म्हणाला. त्याच्या हसण्याचा अर्थ काय असेल, याचा विचार मी बसमध्ये कार्डिफपर्यंत करत होते.

कार्डिफ

मेधा ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. कार्डिफच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिचा नवरा कामासाठी आठवडाभर लंडनकडे, ईलिंगला असतो. त्यामुळे घरात मेधा आणि तिची मुलगी रेवा. रेवा अठरा वर्षांची, तिथेच जन्मलेली. मला ती मावशीआजी म्हणते. तिचं मराठी सरळ, लहान वाक्यांचं असतं, आणि त्यात ‘तो’ की ‘ती’ याचा पत्ता बऱ्याचदा लागत नाही. पण बोलते न लाजता, आणि मला तिचं ते बोलणं फार आवडतं.

घर छान. मागे हिरवळीचा तुकडा, पुढे विटांची बुटकी भिंत. अडचण एकच झाली. जेवायला बसण्याआधी पानातला पहिला घास गाईसाठी काढायचा, ही माझी लहानपणापासूनची सवय. सांगलीत आमच्या गल्लीत गाय येते, दाराशी उभी राहते, तिला गोग्रास दिला की मग मी जेवते. कार्डिफमध्ये गाय कुठून येणार? पहिल्या दिवशी मी पोळी-भाजीचा घास भिंतीवर ठेवला. एक समुद्रपक्षी खाली उतरला, माझ्याकडे रागाने पाहून घास घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी चौघे आले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी मेधाला अतिशय गोड शब्दांत विचारलं की भिंतीवर अन्न कोण ठेवतं. मेधा म्हणाली, “मावशी, प्लीज, हे सीगल्स एकदा सवयीचे झाले की पूर्ण स्ट्रीटला त्रास देतात. कौन्सिलला कंप्लेंट जाईल.”

तक्रार हा शब्द ऐकून मी हबकलेच. घास भिंतीवर ठेवणं बंद केलं, पण रोज जेवताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. त्या अस्वस्थपणात मी हाताला काम म्हणून डिंकाचे लाडू करायला घेतले. डिंक, खारीक, खोबरं, सगळं तिथल्या देशी दुकानात मिळतं. रेवा पहाटे उठून कुठेतरी घोड्यांच्या कामाला जाते आणि वाळलेल्या काटकीसारखी झाली आहे, असं माझं मत होतं. लाडू तिला आवडले. रोज एक खिशात घालून न्यायची.

ग्वेनची पागा

पहिल्याच रविवारी रेवा मला तिच्या घोड्यांकडे घेऊन गेली. कार्डिफच्या बाहेर अर्ध्या तासावर टेकड्या सुरू होतात, आणि रस्ता इतका अरुंद होतो की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाने मागे जायचं. दोन्ही बाजूंना उंच झुडपांचं कुंपण. कुणी आलं तर दिसणार कसं, ही काळजी मी करत राहिले. मेधा मात्र गाडी चालवताना गाणं गुणगुणत होती.

पागा ग्वेन नावाच्या बाईंची. सत्तरीच्या पुढच्या, उंच, एका बाजूला झुकून चालणाऱ्या. त्यांचं खुब्याचं हाड बदललेलं होतं आणि दुसऱ्या बाजूचं बदलायचं होतं. त्यांनी माझा हात धरून जोरात हलवला आणि थेट घोड्यांकडे नेलं. चहापाणी नंतर.

घोड्या पाहून मी दचकले. पांढऱ्या, भरदार, बाकदार मानेच्या तीन घोड्या, आणि तिघींच्या मानेवर आयाळ नाही. पार मुंडण केलेलं. शेपटीची वरची बाजूही भादरलेली. माझ्या आईची एक आत्या होती, मी अगदी लहान असताना पाहिलेली. लाल अलवण, आणि डोक्यावर एक केस नाही. इतक्या वर्षांत तिची आठवण आली नव्हती, ती वेल्सच्या टेकडीवर आली. मला एकदम बरं वाटेना. मी रेवाला विचारलं, यांना काय झालंय? काही रोग आहे का?

ग्वेननी हसून सांगितलं ते असं. हा अंदालुसियाचा घोडा, स्पेनच्या दक्षिणेकडचा. तिथे पैदाशीच्या माद्यांच्या आयाळी कातरायची जुनी रीत आहे. त्याने स्वच्छता राहते, झुडपांत केस अडकत नाहीत, आणि लांबूनही घोडी कोणती, घोडा कोणता ते कळतं. नर घोड्याची आयाळ मात्र वाढवायची, ती जितकी लांब तितकी शान. मी म्हटलं, व्वा, म्हणजे तिकडेही तेच. मेधाने याचं भाषांतर केलं नाही. पण ग्वेनना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्या म्हणाल्या की इंग्लंडात पुष्कळ जण माद्यांच्याही आयाळी ठेवतात, पण त्यांना ज्यांनी शिकवलं ते जुन्या वळणाचे होते.

मग स्वयंपाकघरात चहा झाला. ओट्यावर लगाम, टेबलावर घोड्याचं औषध आणि त्याच्याच शेजारी केक. ग्वेन बोलायला लागल्या की थांबत नसत. स्पेनच्या त्या भागात घोडे फार पुरातन काळापासून आहेत. समुद्रापलीकडून आफ्रिकेचे घोडे आले, ते त्यांच्यात मिसळले. हेरेस गावाजवळच्या मठातल्या साधूंनी हा वंश निवडून निवडून जपला, आणि लढायांच्या काळात घोडे सैन्यात ओढले जाऊ नयेत म्हणून त्यातले काही लपवून ठेवले, असं सांगतात. युरोपातले राजे एकमेकांना हे घोडे भेट द्यायचे. लढाईत जवळून वळायला, जागच्या जागी फिरायला यांच्याइतका घोडा नाही. लढाया गेल्या, तेव्हा तेच वळणं आणि फिरणं दरबारी रिंगणात आलं, आणि आता शोच्या रिंगणात. ही घोडी जन्मते काळी किंवा करडी, आणि वयाबरोबर पांढरी होत जाते. हे ऐकून मात्र मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

पालोमा तिघींतली तरुण. बाकीच्या दोघी म्हाताऱ्या, त्या पागेतच राहणार होत्या. पालोमाचं काय, हा प्रश्न होता, आणि तो मला मेधाने परतीच्या वाटेवर सांगितला. ग्वेनना आता काम झेपत नव्हतं. नॉटिंगहॅमकडच्या एका गृहस्थांनी पालोमाला मागणी घातली होती. रेवाचा जीव त्या घोडीत अडकलेला. घोडीच्या जन्मापासून रेवाने तिचं सगळं केलं होतं. ग्वेन म्हणाल्या होत्या, इतकी चांगली घोडी मी एका मुलीला ती आवडते म्हणून कुरणात उभी ठेवणार नाही. तिला रिंगणात काम हवं. हेरफर्डजवळ या जातीच्या घोड्यांचा शो आहे, तिथे रेवाने एकटीने तिला हातात धरून दाखवावं. पहिल्या तिनांत आणलं तर पालोमा रेवाची, पागेत जागा आणि चारा ग्वेनचा. नाही आणलं तर नॉटिंगहॅम. त्या गृहस्थांनाही त्यांनी हेच सांगून ठेवलं होतं.

“आणि रेवाने कधी शो केलाय का?” मी विचारलं.

“पहिलाच,” मेधा म्हणाली.



पुढचे दिवस रेवाला घोडीशिवाय काही सुचत नव्हतं. ती मला पागेच्या मैदानावर बसवायची आणि सांगायची, तू जज. मी खुर्चीत बसून जज व्हायचे. हातात दोरी, घोडी चालवत आणायची, थांबवायची, चारी पाय दिसतील अशी उभी करायची, मग बाजूला धावत तिला दुडक्या चालीने न्यायचं. घोडी धावते तेव्हा तिचे पुढचे पाय गुडघ्यातून उंच उचलले जातात आणि ती क्षणभर हवेत थांबल्यासारखी वाटते. माझ्यासारखीलाही दिसत होतं की हे काही वेगळं आहे. रेवाने मला पागेचे नियमही सांगितले. पालोमाला चॉकलेट द्यायचं नाही, कॉफीचा कप तिच्याजवळ न्यायचा नाही, पेपरमिंटची गोळीसुद्धा नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, असली कचऱ्यासारखी खाणी जनावराला कशाला द्यायची.

शोची सकाळ

आम्ही उजाडताना पागेत पोहोचलो. गवतावर दव, टेकडीवर धुकं, आणि रेवा पांढऱ्या शर्टावर जुनं जाकीट चढवून घोडीला खरारा करत होती. आदल्या दिवशी तिने पालोमाला शाम्पूने धुतली होती आणि मानेवरचे उगवते केस मशीनने पुन्हा उतरवले होते. मेधा ग्वेनना घोडी न्यायच्या लॉरीत सामान चढवायला मदत करत होती. रेवाला काहीतरी आठवलं. तिने दोरी माझ्या हातात दिली.

“मावशीआजी, पकडशील? फक्त दोन मिनिट. ती काही करत नाही, ती खूप शांत घोडा आहे.”

ती गेली, आणि मी त्या एवढ्या जनावरासमोर एकटी. पालोमाने मान खाली घातली आणि माझ्या पिशवीला नाक लावलं. पिशवीत माझा लाडवांचा डबा होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, गोळी घ्यायची होती, म्हणून मी डबा उघडला. तिचे डोळे मोठे, काळे, शांत. दाराशी उभी राहिलेली आमच्या गल्लीतली गाय अशीच बघते. मी मनात म्हटलं, इतके दिवस माझा गोग्रास राहिला आहे, हीच माझी गाय. आणि खाण्याआधी पहिला लाडू तिच्यापुढे धरला. तिने ओठांनी अलगद घेतला. अर्धा खाली पडला, तोही तिने उचलून खाल्ला.

मग मी माझा लाडू खाल्ला, गोळी घेतली. बऱ्याच दिवसांनी मला जेवण अंगी लागल्यासारखं वाटलं.

मैदान

हेरफर्डकडे जाताना रस्ता नदीच्या कडेकडेने जातो. सफरचंदाच्या बागा आहेत, तांबड्या मातीची शेतं आहेत. आम्ही लॉरीच्या मागे होतो आणि माझं सगळं लक्ष त्या लॉरीच्या चाकांकडे होतं. त्यामुळे बागांचं वर्णन मी यापेक्षा जास्त करू शकत नाही.

मैदान मात्र डोळ्यांत भरलं. हिरव्या गवतावर दोऱ्या लावून केलेली रिंगणं, कडेला तंबू, आणि जिकडे पाहावं तिकडे बाकदार मानेचे पांढरे घोडे. एका रिंगणात आखूड जाकीट आणि सपाट टोपी घातलेला एक माणूस घोड्यावर बसून खूप लांब काठी गवतावर टेकवत तिच्याभोवती घोडा गोल फिरवत होता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी सांगितलं की स्पेनमध्ये बैलांचे कळप याच काठीने हाकतात, त्याचंच हे रिंगणातलं रूप. दुसरीकडे एक घोडा गाण्याच्या ठेक्यावर जागच्या जागी पाय उचलत होता. पुढे एका नर घोड्याने पुढचा पाय सरळ, आडवा, सलाम केल्यासारखा उचलला आणि तसाच पावलापावलाने चालत गेला. आपल्याकडे घोडा नाचतो तो वरातीत, ढोलापुढे, आणि बहुतेक वेळा बिचारा घाबरलेला असतो. हे घोडे घाबरलेले दिसत नव्हते. घाबरलेली तिथे मी एकटीच होते.

रेवाचा वर्ग, म्हणजे स्पर्धेतला तिचा गट, जेवणानंतर होता. तिच्या दंडाला नंबर बांधलेला. मधेच ती आमच्याकडे आली, तेव्हा मी एका गाड्यावरून घेतलेला गोल पाव खात होते. वर काळे बारीक दाणे लावलेला.

“मावशीआजी, ते खाऊन हात धू हां, पालोमाला हात लावायच्या आधी,” ती म्हणाली. “ते पॉपी सीड आहे. आज टेस्टिंग आहे. ते टेस्टमध्ये येतं, मॉर्फीनसारखं. मग आम्ही डिस्क्वालिफाय.” आणि तिने लांब एक पांढरा तंबू दाखवला. तिथे पशुवैद्य बसले होते. कोणत्याही घोड्याला बोलावून लघवी किंवा रक्त तपासतात, असं सांगून ती पळाली.

मी हात धुतले. पण बेसिनपाशी मला उगीच एक शंका आली. मेधाला विचारलं, हे पॉपी सीड म्हणजे नक्की काय गं?

“खसखसच, मावशी. आपली पांढरी असते, इथली काळी.”

डिंकाचे लाडू मी कार्डिफच्या त्या दुकानातून आणलेल्या खसखशीची अख्खी पुडी भाजून घालून केले होते. खसखशीशिवाय डिंकाचा लाडू मी आयुष्यात केलेला नाही.

मला काही बोलावं लागलं नाही. मेधाने माझा चेहरा पाहिला, मग माझी पिशवी पाहिली. “तू दिलास?” तिने विचारलं. मी मान हलवली. ती मला तंबूच्या मागे घेऊन गेली आणि हळू आवाजात समजावू लागली. एवढं मोठं जनावर, एवढासा लाडू. इतक्या घोड्यांतून हिलाच कशाला बोलावतील. रेवाला आत्ता सांगितलंस तर ती कोसळेल. शो झाल्यावर बघू. मेधाचंही काही चुकत नव्हतं. आईचं काळीज, त्या वेळी कुणीही हेच म्हणालं असतं. मलाही तेच ऐकायचं होतं.

मी एका घडीच्या खुर्चीवर बसले. समोर घोडे येत होते, जात होते, लोक टाळ्या वाजवत होते. माझं लक्ष त्या पांढऱ्या तंबूकडे. एक माणूस बाहेर आला की मला वाटायचं, आला. तो रिंगणाकडे चालू लागला की मी खुर्चीतून अर्धी उठायचे. तो कॉफी घेऊन परत जायचा. नोकरीत एक गोष्ट माझ्या अंगात मुरली होती. लाइन बंद आहे हे कळलं की ती लगेच नोंदवायची, उद्यावर टाकायची नाही, कारण उद्या तीच लाइन कुणाला तरी डॉक्टर बोलवायला लागते. आणि इथे मी गप्प बसून राहिले होते. सगळं आयुष्य मी नसलेल्या संकटांना घाबरले, आणि खरं संकट आलं तेव्हा मला ते लपवायचं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी उठले. मेधाने हाक मारली, पण अडवलं नाही.

रेवा लॉरीजवळ पालोमाच्या खुरांना तेल लावत होती. मी सगळं एका वाक्यात सांगितलं. लाडू, खसखस, आज सकाळी. ती वाकलेली होती ती तशीच राहिली.

“किती?” तिने विचारलं.

“एक.”

तिने तेलाची बाटली खाली ठेवली, झाकण लावलं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मी ग्वेनला सांगते.”

मी तिचा हात धरला. मेधाने मला जे सांगितलं होतं तेच मी आता तिला सांगायला लागले, की कदाचित तपासणारही नाहीत, कदाचित काही निघणारही नाही. मला माहीत होतं मी काय करते आहे, तरी तोंड थांबेना.

“मावशीआजी,” ती म्हणाली, “निघालं तर तिच्या नावावर लागेल. आणि तिला एक्सप्लेन करता येत नाही.”

ती ग्वेनकडे गेली. मी लांबून पाहिलं. ग्वेननी ऐकून घेतलं, आकाशाकडे पाहिलं, आणि दोघी मिळून ऑफिसच्या तंबूत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा रेवाच्या दंडावर नंबर नव्हता. वर्गाआधी स्वतःहून सांगून नाव मागे घेतलं म्हणून पुढे काही कारवाई नव्हती. पण त्या दिवशी पालोमा रिंगणात जाणार नव्हती. थोड्या वेळाने तिच्या वर्गाचा पुकारा झाला. दुसऱ्या घोड्या आत गेल्या. आम्ही लॉरीच्या सावलीत उभ्या होतो आणि टाळ्या ऐकत होतो.

मग मी ग्वेनकडे गेले. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. मी म्हटलं, चूक माझी, मुलीची नाही. तिला पुढचा एखादा शो द्या. ग्वेन माझ्याशी रागावून बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की हे तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण त्या गृहस्थांनाही मी शब्द दिला आहे, तो मोडायला माझ्याकडे कारण नाही. आणि पुढच्या शोपर्यंत माझा हा पाय चालेल की नाही, ते मला माहीत नाही. दिलेल्या शब्दापुढे आपल्याकडेही काही चालत नाही.

लॉऱ्यांच्या मागे

नॉटिंगहॅमचे ते गृहस्थ वाईट असावेत अशी माझी फार इच्छा होती. तसे ते नव्हते. ठेंगणे, लाल गालांचे, चिखलाने भरलेले बूट, आणि घोडीशी आधी बोलून मग माणसांशी बोलणारे. काय झालं ते ग्वेननी त्यांना सांगितलं होतं. ते रेवाला म्हणाले, वाईट वाटलं, खरंच. मग म्हणाले, रिंगणात पाहता आली नाही, इथे मागे जरा चालवून दाखवशील का?

लॉऱ्यांच्या मागे गवताची एक लांब पट्टी होती. रेवाने जाकीट काढलं. आत तो पांढरा शर्ट होता, इस्त्री केलेला. तिने दोरी हातात घेतली.

मी काय करत होते ते सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगते. मी देवाचा धावा करत होते की घोडी लंगडू दे. नाही तर बिथरू दे, लाथ मारू दे, त्या माणसाला आवडू नये असं काहीतरी करू दे. मेधाने माझा हात घट्ट धरला होता, आणि तिच्याही मनात तेच असणार. रेवाला काही करायचीही गरज नव्हती. नुसती ढिली चालली असती, घोडी तिच्याबरोबर मान पाडून चालली असती.

रेवाने पालोमाला उभी केली. चारी पाय दिसतील अशी, मान वर. घोडी कान टवकारून लांब बघत राहिली. मग रेवा धावायला लागली. ती इतकी ताठ, इतकी हलकी धावत होती, आणि तिच्या बाजूने ती घोडी पाय उचलत, जमिनीला उगीच टेकल्यासारखं करत येत होती. आमच्यासमोरून गेल्या, टोकाला वळल्या, परत आल्या. जवळच्या लॉरीतल्या दोन बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या. माझा धावा कधी थांबला ते मला कळलं नाही. रेवा थांबली तेव्हा धापा टाकत होती, आणि घोडी तिच्या बरोबरीने थांबली, दोरी ढिली.

त्या गृहस्थांनी विचारलं, हिचं काही वाईट आहे का, मला माहीत असायला हवं असं?

रेवाने सगळं सांगितलं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना ती घाबरते. डाव्या बाजूने दोरी घातलेली तिला आवडत नाही. गडगडाट झाला तर कुणी तरी जवळ लागतं, नुसतं उभं राहिलं तरी चालतं, बोलायची गरज नाही. ते गृहस्थ खिशात हात घालून लक्षपूर्वक ऐकत होते. मधेच त्यांनी एक गोष्ट पुन्हा विचारली, आणि रेवाने ती पुन्हा सांगितली. मग ते ग्वेनकडे वळले आणि म्हणाले, नेतो. त्यांच्या पशुवैद्याने घोडी आधीच्या आठवड्यातच पाहून ठेवली होती, आणि त्यांची गाडी पलीकडेच उभी होती.

पालोमा नव्या गाडीत चढताना एकदा थबकली. रेवा तिच्या उजव्या बाजूला गेली, काही न बोलता उभी राहिली, आणि घोडी चढली. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मी रडत होते, मेधा रडत होती, ग्वेन दुसरीकडे बघत होत्या. रेवा आमच्यासाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन आली.

घरी परतताना गाडीत मी तिला म्हटलं, रेवा, मला बोल काहीतरी, चार शब्द रागाचे बोल, मला सहन होईल. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती.

“मला राग आहे,” ती म्हणाली. “खूप. पण तुला खाऊ घालायचा होता ना तिला. मग राग कुठे ठेवू ते मला कळत नाहीये.”



कार्डिफ, दुसरी सकाळ

काहीतरी वाईट होणार, याची काळजी कशी करायची हे मला कुणी शिकवायला नको. पण जे व्हायचं ते होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे मला खरोखर माहीत नव्हतं. माझी तयारी नेहमी तिथपर्यंतच असते. सकाळी मी अंथरुणात पडून होते, आणि आता या मुलीला तोंड कसं दाखवायचं, हा विचार करत होते. तेवढ्यात दार वाजलं. रेवा होती, बूट घालून, तयार.

“दोन म्हाताऱ्या आहेत अजून,” ती म्हणाली. “त्यांना भूक लागते. येतेस?”

मी गेले. ग्वेननी आम्हांला पाहून नुसती मान हलवली आणि आत गेल्या. रेवाने म्हाताऱ्या घोड्यांना चारा घातला, पाणी भरलं, त्यांना कुरणात सोडलं. मग ती पालोमाच्या खोलीकडे वळली. मी म्हटलं, राहू दे, नंतर कर. तिने एक फावडं माझ्या हातात दिलं.

जुना पेंढा आम्ही दोघींनी मिळून काढला. मी ढकलगाडी भरत होते, ती नेऊन रिकामी करत होती. मला जमत नव्हतं, कमरेत कळ येत होती, पण तिने थांब म्हटलं नाही आणि मीही थांबले नाही. खाली काँक्रीट दिसायला लागलं. तिने पाणी मारलं, लांब दांड्याचा झाडू घेतला आणि भिंतीच्या कडेने झाडत गेली. कुणी येणार नव्हतं, तरी कोपरे तिने दोनदा झाडले.